बॉयकॉट आणि बहिष्कार

भाषांतराचा पाठ घेताना ‘बॉयकॉट’ या इंग्रजी क्रियापदापाशी वर्गात कोणी अडखळत नाही. विद्यार्थी तत्काळ ‘बहिष्कार’ हा प्रतिशब्द देतात, आम्ही तो बरोबर म्हणून मान्य करतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. गेली शंभरांहून अधिक वर्षे मराठी वृत्तपत्रे, पुढारी आणि कोशकार हेच करत आले आहेत. तरीही ही जोडी जितकी नैसर्गिक वाटते तितकी ती नाही, असे आमचे मत आहे. या दोन शब्दांचे जन्म वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसांच्या हातून आणि बहुतांशी उलट हेतूंनी झाले. ते एकमेकांवर ठेवल्याने एक राजकीय शस्त्र मराठीला मिळाले हे खरे; पण त्याच वेळी एका जुन्या क्रौर्याला नवे, प्रतिष्ठित नावही मिळाले. म्हणून या क्रियापदाचा उगम जरा तपशिलाने पाहणे आवश्यक वाटते.

इंग्रजीत नकाराच्या क्रियापदांना तोटा नाही. ‘रिफ्यूज’, ‘डिनाय’, ‘डिक्लाइन’, ‘रिजेक्ट’ ही त्यांतील नेहमीची. ही सारी मुळात लॅटिन आणि त्यांची मुळे मोठी चित्रमय आहेत. ‘रिजेक्ट’मध्ये परत फेकणे आहे, ‘डिक्लाइन’मध्ये बाजूला झुकणे, कलणे आहे, ‘डिनाय’मध्ये ‘नाही’ म्हणणे आहे आणि ‘रिफ्यूज’च्या मुळाशी ओतलेले परत ओतणे ही कल्पना असल्याचे व्युत्पत्तिकार मानतात. आपल्याकडच्या नाकारणे, झिडकारणे, फेटाळणे, लाथाडणे या क्रियापदांप्रमाणेच ही सगळी एकट्या माणसाला करता येतात. समोर काही आले, ते आपण घेतले नाही, एवढ्यात ती क्रिया पूर्ण होते. ‘बॉयकॉट’ या कुळात उशिरा दाखल झालेले आणि स्वभावाने निराळे क्रियापद आहे. ते लॅटिनमधून आले नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे आणि ती क्रिया खऱ्या अर्थाने घडायला पुष्कळांनी मिळून नकार द्यावा लागतो.

तो माणूस म्हणजे कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. १८३२ साली इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यात जन्मलेला, काही काळ सैन्यात काढलेला आणि पुढे आयर्लंडात स्थायिक झालेला हा गृहस्थ मेयो परगण्यात लॉख मास्क सरोवराकाठी लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. खंड वसूल करणे, थकला तर कुळाला जमिनीवरून काढणे हे त्याचे काम. १८७९ च्या सुमारास आयर्लंडात पिके बुडाली होती आणि तीस वर्षांपूर्वीच्या महादुष्काळाची स्मृती अजून ताजी होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मायकेल डॅव्हिट आणि चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल यांच्या पुढाकाराने लँड लीग ही शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली. १८८० साली लॉर्ड अर्नच्या कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. मालक दहा टक्क्यांच्या पुढे जाईना. सप्टेंबरमध्ये बॉयकॉटने बेदखलीच्या नोटिसा धाडल्या. त्या बजावण्यासाठी आलेल्या माणसाला गावातील स्त्रियांनी चिखल-दगडांचा मारा करून पिटाळून लावले.

पुढे जे घडले त्यामुळे तो माणूस शब्दकोशात गेला. त्याच्या शेतावरचे मजूर काम टाकून निघून गेले. घरातील नोकरांनी घर सोडले. लोहाराने नाल ठोकायचे, धोबिणीने कपडे धुवायचे, दुकानदारांनी माल द्यायचे थांबवले. टपाल आणणारा मुलगाही येईनासा झाला. ज्यांच्या हातांवर त्याचे घर, शेत आणि प्रतिष्ठा उभी होती ते हात तेवढे बाजूला झाले. ऑक्टोबरमध्ये त्याने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून आपली व्यथा मांडली, तेव्हा इंग्लंडात खळबळ उडाली. नोव्हेंबरमध्ये अल्स्टर प्रांतातील कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतून पन्नास प्रॉटेस्टंट स्वयंसेवक त्याची पिके काढायला आले. त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजार सैनिक आणि पोलीस तैनात करावे लागले. काही शे पौंडांचे पीक वाचवण्यासाठी दहा हजार पौंडांच्या आसपास खर्च झाला, असे त्या वेळचे हिशेब सांगतात. महिनाअखेरीस कॅप्टन बॉयकॉट कुटुंबासह तेथून निघून गेला.

शब्दाच्या जन्माची कथा जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने सांगितली आहे. एखाद्या जमीनदाराशी वा कारभाऱ्याशी गावाने असे संबंध तोडले तर त्या कृतीला म्हणायचे काय, असा प्रश्न त्याला पडला होता. ‘ऑस्ट्रसाइज’ हा शब्द हाताशी होता. पण आयरिश शेतकऱ्यांना तो कळणार नव्हता. तेथील धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांनी सुचवले : त्याला ‘बॉयकॉट करणे’ म्हणावे. रेडपाथने तो शब्द अमेरिकेत पोहोचवला, नोव्हेंबरात ‘टाइम्स’नेही तो वापरला आणि थोड्याच काळात फ्रेंच, जर्मन, रशियन अशा भाषांनी तो आपापल्या प्रत्ययांसह उचलला.

या कथेतील नाकारलेल्या शब्दाकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने विशेष लक्ष द्यावे, असे आम्हांला वाटते. ‘ऑस्ट्रसाइज’ हा ग्रीक शब्द. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्सचे नागरिक खापराच्या तुकड्यावर एखाद्या बलाढ्य नागरिकाचे नाव कोरत आणि पुरेशी मते पडली की त्याला दहा वर्षांसाठी नगराबाहेर जावे लागे. खापराला ग्रीकमध्ये ‘ओस्त्राकोन’ म्हणतात, त्यावरून हे क्रियापद. म्हणजे तेथे नगर आपल्या जागी राहते आणि माणूस बाहेर जातो. मेयोमध्ये झाले ते उलट. बॉयकॉटला कोणी घराबाहेर काढले नाही. तो आपल्या जागीच होता. बाहेर पडले ते मजूर, नोकर आणि धोबीण. फादर ओमॅलींनी केवळ सोप्या भाषेसाठी ग्रीक शब्द टाळला असेल. पण त्या टाळण्याने दोन वेगळ्या क्रिया एका शब्दात कोंबण्याची चूकही टळली.

आणखी एक गोष्ट व्याकरणाच्या अंगाने पाहण्यासारखी आहे. माणसांच्या नावांवरून इंग्रजीने बरीच क्रियापदे घडवली आहेत. शेक्सपिअरच्या नाटकांतील ‘अशोभनीय’ भाग गाळून कौटुंबिक आवृत्ती काढणाऱ्या बाउडलरवरून ‘बाउडलराइज’ आले, लुई पाश्चरवरून ‘पाश्चराइज’ आले. बहुधा ज्याने ती क्रिया केली त्याचे नाव तिला मिळते. ‘बॉयकॉट’मध्ये मात्र क्रियेला नाव मिळाले ते कर्माचे. कर्ते निनावी राहिले. ही निनावी राहण्याची सोय त्यांच्या लढ्याची गरजच होती. कारण ज्याचे नाव कळेल त्याच्या हाती बेदखलीची नोटीस पडणार होती. अशा रीतीने शब्दाच्या घडणीतच दुर्बळांचा कावा उमटलेला दिसतो.

येथवर ही कथा सरळ आहे. पण ती एवढीच सांगितली तर आम्ही प्रचार करू, समीक्षा नव्हे. १९ सप्टेंबर १८८० रोजी, म्हणजे बॉयकॉट प्रकरण पेटण्याच्या तीनच दिवस आधी, पार्नेलने एनिस येथे भाषण केले आणि संबंध तोडण्याचा हा मार्ग लोकांपुढे ठेवला. त्या भाषणातील प्रश्न जमीनदाराविषयी नव्हताच. बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो दुसरा कूळ पुढे होऊन घेईल त्याचे काय करायचे, हा प्रश्न होता. त्याला रस्त्यावर, दुकानात, बाजारात, प्रार्थनास्थळातसुद्धा एकटे पाडा, जुन्या काळी कुष्ठरोग्याला पाडत तसे, असे पार्नेलचे सांगणे होते. कुष्ठरोग्याची उपमा आली की आपण मेयोतील शेतातून निघून पुन्हा गावकुसाबाहेरच्या जुन्या जगात पोहोचतो. म्हणजे सामूहिक नकार आणि सामूहिक हद्दपारी या दोन वृत्ती या चळवळीत पहिल्यापासून शेजारी शेजारी होत्या. भरीला, मेयोतील प्रत्येक मजूर स्वखुशीनेच बाहेर पडला असेल असेही नाही. न निघणाऱ्याला शेजाऱ्यांचा धाक होताच. इंग्रजी शब्द निष्कलंक आणि मराठी तेवढा दूषित, असा आमचा दावा नाही. दावा एवढाच, की इंग्रजी शब्दाला निदान या दोहोंपैकी नकाराचे टोक ठळक करणारी जन्मकथा लाभली.

आता ‘बहिष्कार’. बहिस् म्हणजे बाहेर. बहिष्कार म्हणजे बाहेर करणे, बाहेर घालवणे. हा शब्द संस्कृत परंपरेतला आणि त्याचे घर जातीच्या व धर्माच्या शासनात. ‘वाळीत टाकणे’, ‘ग्रामण्य’, ‘रोटीबेटी व्यवहार बंद करणे’ हे त्याचे सोयरे. संन्यासाश्रमातून गृहस्थाश्रमात परतलेल्या विठ्ठलपंतांच्या कुटुंबाला आळंदीत वाळीत टाकल्याची हकीकत परंपरा सांगते, ती प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. ग्रामण्यांचा इतिहास तर एवढा लांबलचक, की १९१९ साली प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या प्रकारात कर्ते कधी निनावी नसत. पंच असत, धर्मपीठ असे, निर्णय जाहीर होई आणि प्रायश्चित्ताची अटही.

मौज अशी, की मेयोतील घटनेनंतर दहाच वर्षांनी पुण्यात हे शस्त्र चालले ते पुढे बॉयकॉटचे पुढारीपण करणाऱ्या लोकमान्य टिळकांवरच. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य उभे राहिले, त्यांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. एक पेला चहा, एक विवाह. आणि माणूस बाहेर. त्या काळच्या मराठी वाचकाच्या कानाला ‘बहिष्कार’ या शब्दाचा पहिला अर्थ हा होता.

१९०५ मध्ये वंगभंगाचा निर्णय झाला. ७ ऑगस्ट रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत विलायती मालावरील बॉयकॉटचा ठराव झाला आणि पुण्यात त्याच वर्षी परदेशी कापडाची होळी पेटली. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री टिळकांनी महाराष्ट्राच्या तोंडी रुळवली. त्यातील ‘बहिष्कार’ म्हणजे बॉयकॉट. ही अर्थाची मोठीच उलथापालथ होती. जो शब्द सनातनी पंचांच्या हाती होता तो परक्या सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रजेच्या हाती आला. भाषा अशा रीतीने जुनी शस्त्रे नव्या हातांत देते तेव्हा आनंद होतो आणि व्हावाही. परंतु जुन्या शब्दाबरोबर जुनी सवयही आली काय, हा प्रश्न तेव्हापासून आपण टाळत आलो आहोत.

बंगालमध्ये तो टळला नाही. तेथे विलायती माल विकणाऱ्या वा वापरणाऱ्या माणसाचा न्हावी-धोबी बंद करण्यापर्यंत मजल गेली, आणि स्वस्त कापडावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांवर व किरकोळ व्यापाऱ्यांवर, ज्यांत मुसलमान पुष्कळ होते, जबरदस्ती झाली. स्वदेशीच्या आरंभी उत्साहाने उतरलेले रवींद्रनाथ ठाकूर यामुळेच दूर झाले आणि १९१६ साली ‘घरे बाइरे’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. तिच्यातील पंचू हा गरीब फेरीवाला देशभक्तीच्या नावाखाली नागवला जातो. विलायती कापड न घेणे हा श्रीमंत निखिलेशचा नकार असू शकतो. पंचूचे गाठोडे जाळणे हा नकार नव्हे. दोन्ही कृतींना एकच शब्द लावला की दुसरी कृती पहिलीच्या पुण्याईवर जगते.

महाराष्ट्रात हा भेद सर्वांत स्पष्ट केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला आणि एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक निघाले. ज्या शब्दाला राष्ट्रीय चळवळीने बावीस वर्षे गौरवाने मिरवले त्याचेच कर्मवाचक रूप मथळ्यावर घेऊन हे पत्र उभे राहिले. त्यापुढची पायरी त्याहून महत्त्वाची. १९३० साली गोलमेज परिषदेपुढे आंबेडकर आणि रावबहादुर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली तिच्यात ‘बॉयकॉट’ हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी होती. व्याख्येसाठी त्यांनी आधार घेतला तो ब्रह्मदेशातील १९२२ च्या बॉयकॉटविरोधी कायद्याचा. मेयोतील कुळांचा शब्द पन्नास वर्षांत असा फिरून आला, की आता खेड्यातील जमीनमालक, दुकानदार आणि पाटील कर्ते होते आणि पाणी, काम व किराणा यांवाचून कोंडला गेलेला अस्पृश्य कर्म होता. आंबेडकरांना शब्दाचा उगम ठाऊक नसेल हे संभवत नाही. पण गावात ती क्रिया कोण कोणावर करतो, हे त्यांना अधिक ठाऊक होते.

मराठीच्या व्याकरणातही या दुभंगाची खूण राहिली आहे. आपण परीक्षेवर, निवडणुकीवर, मालावर, संमेलनावर बहिष्कार टाकतो. पण ‘बहिष्कृत परीक्षा’ किंवा ‘बहिष्कृत कापड’ असे कोणी म्हणत नाही. ‘बहिष्कृत’ म्हटले की समोर माणूसच उभा राहतो; घर, जमात, वस्ती उभी राहते. नामाने नवा अर्थ स्वीकारला, विशेषणाने तो स्वीकारला नाही. राजकारणाने जे विसरायला लावले ते भाषेने एका प्रत्ययात जपून ठेवले आहे, असे म्हणता येईल.

यावर कोणी म्हणेल, शब्दांचे मूळ काहीही असो, प्रचारात आलेला अर्थ तोच खरा. व्युत्पत्तीवरून नीती शिकवू नये. आक्षेप योग्य आहे. व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे. म्हणून आमची कसोटी व्युत्पत्तीची नाही, कृतीच्या दिशेची आहे. आपण आपले काही काढून घेतो आहोत, की दुसऱ्याच्या हक्काचे काही हिरावतो आहोत? माझे श्रम, माझे पैसे, माझी उपस्थिती मी कोणाला द्यावी हे ठरवणे हा नकार. सार्वजनिक पाणवठा, रस्ता, रेशन, स्मशान यांवरचा दुसऱ्याचा वाटा बंद करणे ही हद्दपारी. आणि दुसरा प्रश्न : ज्याच्याविरुद्ध हे चालले आहे त्याला जायला जागा आहे काय? कॅप्टन बॉयकॉटपाठीमागे हजार शिपाई होते आणि इंग्लंड होते. १८८६ साली त्याला सफकमध्ये पुन्हा कारभारीपणही मिळाले. गावाने वाळीत टाकलेल्या कुटुंबापाठीमागे काय असते?

ही कसोटी आपल्याला गैरसोयीचीही ठरते, आणि तशी ती ठरली पाहिजे. महाराष्ट्रातील प्राध्यापकांच्या संघटनेने २०१३ मध्ये विद्यापीठ परीक्षांच्या कामावर कित्येक आठवडे बहिष्कार टाकला होता. आपले श्रम काढून घेणे या अर्थाने तो नकारच होता आणि मागण्याही अवाजवी नव्हत्या. पण ज्यांचे निकाल रखडण्याची भीती होती ते विद्यार्थी या भांडणात पक्षकार नव्हते. नकार न्याय्य असला तरी त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारण्यातून आम्हां अध्यापकांची सुटका नाही. अलीकडे एखाद्या चित्रपटाविरुद्ध वा लेखकाविरुद्ध ‘बॉयकॉट’च्या हाका उठतात, तेव्हाही हेच विचारावे. तिकीट न काढणे ही माझी मुखत्यारी. दुसऱ्याला थिएटरात जाऊ न देणे ही पंचायत.

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो २०१७ च्या जुलैपासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. असा स्वतंत्र कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. त्याची गरज एकविसाव्या शतकात भासावी यातच जुना अर्थ किती जिवंत आहे हे दिसते. त्या कायद्याच्या नावात ‘बहिष्कार’ शब्दाआधी ‘सामाजिक’ हे विशेषण जोडावे लागले आहे. चतुःसूत्रीतला बहिष्कार गुन्हा नव्हे आणि जातपंचायतीचा गुन्हा आहे, हे सांगण्यासाठी आता भाषेजवळ एवढे एकच विशेषण उरले आहे.

‘बहिष्कार’ हा शब्द टाकून द्यावा, असे आम्ही सुचवत नाही. शब्दालाच वाळीत टाकणे विनोदी होईल. पण ‘बॉयकॉट’चे भाषांतर करताना थोडे थांबावे. जेथे लोक स्वतः बाजूला झाले आहेत तेथे ‘असहकार’, ‘काम नाकारणे’, ‘खरेदी थांबवणे’ असे नेमके शब्द मराठीत आहेत. तेथे ते वापरावेत. जेथे माणसाला बाहेर घातले आहे तेथे ‘वाळीत टाकले’ असे उघड म्हणावे, त्याला चळवळीचे वस्त्र चढवू नये. पुढच्या वेळी वर्गात हा शब्द येईल तेव्हा विद्यार्थ्यांनी दिलेला प्रतिशब्द आम्ही खोडणार नाही. फक्त विचारू, की या वाक्यात बाहेर कोण गेले आणि कोणाला घालवले? उत्तर आले की प्रतिशब्द आपोआप सुचेल.